बाळंतपणानंतरची औषधे आणि मेंदूतील रक्तवाहिन्या : अरगटापासून ब्रोमोक्रिप्टिनपर्यंत

प्रस्तावना

सुखरूप बाळंतपण झाले, बाळ व बाळंतीण दोघे खुशाल आहेत असा निरोप आला, की घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र धोक्याचा काळ तेथे संपत नाही. प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान अनेक स्त्रियांचा रक्तदाब चढतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित असे काही विकार नेमके याच सुमारास डोके वर काढतात. यांपैकी बहुतेकांची कारणे गर्भावस्थेत घडून आलेल्या शारीरिक बदलांत सापडतात. एका विकाराच्या मागे मात्र पुष्कळदा बाळंतिणीला दिलेले औषधच असते. रक्तस्राव थांबावा म्हणून किंवा दूध आटावे म्हणून दिलेले औषध क्वचित प्रसंगी मेंदूतील रोहिण्यांना, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या धमन्यांना, आवळून धरते आणि एरवी निरोगी असलेल्या तरुण स्त्रीस मेंदूतील रक्तस्राव अथवा पक्षाघात होण्यापर्यंत मजल जाते.

हा प्रकार विरळ आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. तथापि विरळ धोक्याचे मूल्यमापन कसे करावे, तो कोणी सिद्ध करावयाचा आणि सिद्ध होईपर्यंत औषध द्यावे की थांबवावे, हे प्रश्न औषधशास्त्रापुरते मर्यादित राहत नाहीत. ते संख्याशास्त्राचे आहेत, विधिशास्त्राचे आहेत आणि काही अंशी समाजशास्त्राचेही आहेत. ब्रोमोक्रिप्टिन या औषधाच्या इतिहासात हे सर्व प्रश्न एकत्र आलेले दिसतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्या औषधास मध्यवर्ती स्थान दिले आहे.

विकाराचे स्वरूप

प्रसूतीनंतर काही दिवसांनी अकस्मात तीव्र डोकेदुखी, पाठोपाठ झटके किंवा एका बाजूची दुर्बलता, आणि मेंदूच्या रोहिण्यांच्या क्ष-किरण चित्रात जागोजागी आकुंचन. असे रुग्ण फ्रेंच चेतातज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्णिले होते. १९८८ साली कॉल, फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात अशाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला व रोहिण्यांचे हे आकुंचन काही आठवड्यांत आपोआप सुटते या गोष्टीकडे लक्ष वेधले. पुढे बराच काळ हा विकार निरनिराळ्या नावांनी ओळखला जात होता. बाळंतिणीत आढळला तर एक नाव, अर्धशिशीच्या रुग्णात आढळला तर दुसरे, औषधानंतर आढळला तर तिसरे. ही सर्व एकाच विकाराची रूपे असावीत, असे मानून २००७ साली कॅलाब्रीझ आणि सहकाऱ्यांनी त्यांस एकच नाव सुचविले. त्या नावाचा मराठीत ‘मेंदूतील रोहिण्यांच्या प्रतिवर्ती आकुंचनाचा लक्षणसमूह’ असा अनुवाद करता येईल. चिकित्सकांच्या बोलण्यात त्याचे ‘आरसीव्हीएस’ हे आद्याक्षरी रूप रूढ आहे.

या विकाराची खूण म्हणजे डोकेदुखी. पण ती नेहमीची नव्हे. वीज कोसळावी तशी ती येते आणि एका मिनिटाच्या आत परमावधीस पोहोचते. काही तासांनी ओसरते, आणि पुढील एक-दोन आठवड्यांत पुन:पुन्हा उसळते. रोहिण्यांचे चित्र घेतले असता त्या ठिकठिकाणी आवळलेल्या व मध्ये मध्ये फुगलेल्या, एखाद्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. यातही एक मेख आहे. आकुंचन मेंदूच्या पृष्ठभागाकडील सूक्ष्म शाखांत सुरू होऊन हळूहळू मोठ्या रोहिण्यांकडे सरकत जाते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत घेतलेले चित्र निर्दोष असू शकते आणि ‘काही नाही, ताण आहे’ असे सांगून रुग्णास घरी पाठविले जाते. रक्तस्राव झालाच तर तो साधारणत: पहिल्या आठवड्यात होतो, तर रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग निकामी होण्याचा प्रकार दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे डोकेदुखी उणावू लागल्यावर, घडतो. तीन महिन्यांच्या आत रोहिण्या पूर्ववत होतात. ‘प्रतिवर्ती’ हे विशेषण रोहिण्यांना लागू आहे. मेंदूला झालेल्या इजेला ते लागू पडेलच असे नाही. २०१२ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध झालेल्या १८ बाळंतिणींच्या वृत्तान्तात निम्म्याच स्त्रिया पूर्णपणे बऱ्या झाल्या होत्या आणि काही दगावल्या होत्या. मोठ्या रुग्णालयाकडे गंभीर रुग्णच अधिक पाठविले जातात, ही बाब लक्षात घेतली तरी हे प्रमाण उपेक्षणीय नाही.

फ्रान्समधील आन् द्युक्रो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत एकतर नुकतेच बाळंतपण झालेले होते किंवा रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारा एखादा पदार्थ घेतला गेला होता. त्यात गांजा, नैराश्यावरील सेरोटोनिनवर्धक औषधे आणि चोंदलेले नाक मोकळे करणारी औषधे ही प्रमुख होती. द्युक्रो यांनीच २०१२ साली घेतलेल्या आढाव्यानुसार बाळंतिणींमधील ५० ते ७० टक्के प्रकरणांत रोहिण्या आकुंचित करणारे औषध आधी दिले गेले होते; त्यात बहुधा अरगटापासून मिळविलेल्या औषधांचा समावेश होता.

एका बुरशीचा वंश

अरगट हा शब्द महाराष्ट्रातील बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास अपरिचित नाही. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, दमट हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट द्राव गळू लागतो व दाण्यांच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या २० टक्के द्रावणात बुडवून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकाव्यात, अशी कृषी खात्याची शिफारस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बाजरीवरील या बुरशीतील द्रव्ये मळमळ, वांती, गुंगी आणतात. युरोपातील राय या धान्यावर वाढणारी तिची भावंड जात मात्र अधिक भयंकर आहे. तिच्यातील द्रव्यांनी हातापायांच्या रोहिण्या इतक्या आवळल्या जातात की, बोटे काळी पडून झडतात. मध्ययुगीन युरोपात या विकारास ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. औषधाने रोहिणी आवळली जाण्याचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडलेले उदाहरण होय, फरक इतकाच की तेथे औषध भाकरीतून पोटात जात होते.

याच बुरशीने गर्भाशयही आकुंचित होते, हे सुइणींना ठाऊक होते. १५८२ साली जर्मन वैद्य ॲडम लोनित्सर याने प्रसूतीसाठीच्या तिच्या वापराची नोंद केली आहे. १८०८ साली जॉन स्टर्न्स या अमेरिकी डॉक्टरने कळा वाढविण्यासाठी तिचे चूर्ण देण्याची शिफारस केली आणि ते झपाट्याने लोकप्रिय झाले. पाठोपाठ मृत बालके जन्मू लागली. १८२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक याने, प्रसूतीचे म्हणून ओळखले जाणारे हे चूर्ण बालकाच्या दृष्टीने मृत्यूचे चूर्ण ठरते, अशा आशयाचा इशारा दिला व बाळ जन्मल्यानंतरचा रक्तस्राव थांबविण्यापुरताच त्याचा वापर करावा असे सुचविले. औषध तेच; पण कोणत्या वेळी आणि कशासाठी द्यावयाचे, यावर त्याचे विष किंवा अमृत होणे अवलंबून आहे, हा विवेक दोनशे वर्षांपूर्वीच प्रकट झाला होता.

विसाव्या शतकात या बुरशीतील द्रव्ये एकेक करून वेगळी काढण्यात आली. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत आर्थर स्टोल यांनी १९१८ साली अर्गोटॅमीन मिळविले. ते पुढे अर्धशिशीवर वापरले गेले. १९३५ साली लंडनमध्ये डडले व चॅसार मॉयर यांनी गर्भाशयावर त्वरित काम करणारे अर्गोमेट्रिन वेगळे केले. त्याचेच किंचित बदललेले रूप म्हणजे मेथिलअर्गोमेट्रिन. भारतातील प्रसूतिगृहांत ‘मेथर्जिन’ या व्यापारी नावाने ते परिचारिकांच्याही तोंडी बसले आहे. ब्रोमोक्रिप्टिन हे याच कुळातील सर्वांत धाकटे अपत्यांपैकी एक. तेही सँडोझच्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झाले.

या सर्व द्रव्यांचा रासायनिक सांगाडा एकच आहे. शरीरातील डोपामीन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलीन या तिन्ही संदेशवाहकांच्या ग्राहींशी तो कमी-अधिक प्रमाणात जुळतो. एकच किल्ली तीन प्रकारच्या कुलपांत फिरावी, तसा हा प्रकार आहे. मेथिलअर्गोमेट्रिनचा भर गर्भाशयाच्या स्नायूवर, तर ब्रोमोक्रिप्टिनचा डोपामीनच्या ग्राहींवर. त्यामुळे ब्रोमोक्रिप्टिनने पोष ग्रंथीतून होणारा प्रोलॅक्टिनचा स्राव थांबतो आणि दूध आटते. सामान्यत: ब्रोमोक्रिप्टिनने रक्तदाब उतरतो, चढत नाही, आणि ‘रोहिण्या आकुंचित करणारे औषध’ म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहण्यास आरंभी कोणी तयार नव्हते, याचे हेही एक कारण होते. काही स्त्रियांत मात्र नेमका उलटा परिणाम घडतो. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची पातळी एकाएकी कोसळलेली असते आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणारी यंत्रणा अस्थिर असते. अशा वेळी लहानशा चिथावणीनेही रोहिण्यांचा तोल ढळत असावा, असे मानले जाते.

दूध आटविण्याची गोळी

अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ब्रोमोक्रिप्टिनला १९७८ साली प्रथम मान्यता दिली ती प्रोलॅक्टिनच्या अतिरेकामुळे होणाऱ्या विकारांसाठी. १९८० साली त्यात बाळंतिणीचे दूध थांबविणे या उपयोगाची भर पडली. बाळास बाटलीने पाजू इच्छिणाऱ्या मातांची संख्या त्या देशात मोठी होती आणि छाती दाटून येण्याचा त्रास टाळण्यासाठी दोन आठवड्यांचा गोळ्यांचा क्रम लिहून देणे हा रिवाज झाला. येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. दूध येणे हा रोग आहे काय? बाळ प्याले नाही, तर दूध काही दिवसांत आपोआपच ओसरते. त्या दिवसांत छाती घट्ट बांधणे, थंड शेक आणि साधे वेदनाशामक यांनी बहुतेकींचे काम भागते. शिवाय गोळ्या थांबविल्यावर काही स्त्रियांना पुन्हा दूध येऊन दाटत असे. म्हणजे जे टाळावयाचे तेच थोडे लांबणीवर पडत असे.

१९८० च्या दशकात तक्रारी येऊ लागल्या. गोळ्या घेणाऱ्या काही स्त्रियांना अतिरक्तदाब, झटके, पक्षाघात, क्वचित हृदयविकाराचा झटका. या स्त्रिया तरुण होत्या आणि घरी परतलेल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रशासनाच्या सल्लागार समितीने दूध थांबविण्यासाठी कोणतेच औषध नित्यनियमाने वापरू नये असे मत दिले व प्रशासनाने उत्पादकांना हा उपयोग वेष्टनावरून काढून टाकण्यास सांगितले. अन्य उत्पादकांनी ते मान्य केले. ब्रोमोक्रिप्टिनच्या उत्पादकाने मानले नाही. पुढील पाच वर्षे औषध त्याच कारणासाठी विकले जात राहिले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये ‘पब्लिक सिटिझन’ या ग्राहकहितवादी संस्थेने प्रशासनाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच महिन्यात कंपनीने हा उपयोग सोडून देण्याचे जाहीर केले आणि १९९५ च्या जानेवारीत मान्यता औपचारिकपणे रद्द झाली.

प्रशासनाने दिलेले कारण काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. औषधाने पक्षाघात होतोच असे त्याने म्हटले नाही. लाभ इतका किरकोळ असताना एवढ्या गंभीर धोक्याची शक्यताही पत्करणे योग्य नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

पुराव्याचा प्रश्न

न्यायालयांसमोरचा प्रश्न मात्र निराळा होता. पक्षाघात झालेल्या स्त्रियांनी अथवा त्यांच्या कुटुंबीयांनी नुकसानभरपाईचे दावे लावले, तेव्हा ‘या औषधानेच हे घडले’ हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आला. १९९३ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, गर्भारपणातील मळमळीवरील एका औषधाविषयीच्याच खटल्यात, तज्ज्ञाची साक्ष वैज्ञानिक पद्धतीच्या कसोटीवर उतरली पाहिजे असा दंडक घालून दिला होता. ब्रोमोक्रिप्टिनच्या खटल्यांत तज्ज्ञांनी मांडलेला पुरावा चार प्रकारचा होता : सुटे रुग्णवृत्तान्त, औषध थांबविल्यावर लक्षणे ओसरली व पुन्हा दिल्यावर परतली असे मोजके दाखले, प्राण्यांवरील प्रयोग, आणि अरगटाच्या कुळातील इतर द्रव्ये रोहिण्या आकुंचित करतात म्हणून हेही करीत असावे, हे साधर्म्याचे अनुमान. २००१ व २००२ साली तीन संघराज्यीय अपील न्यायालयांनी हा पुरावा अपुरा ठरविला. एकाच कुळातील दोन रेणूंचे वर्तन सारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि नियामक संस्था खबरदारी म्हणून जो निर्णय घेते तो कार्यकारणभावाचा पुरावा होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. याउलट अलाबामातील एका जिल्हा न्यायालयाने २००० साली, हृदयविकाराच्या प्रकरणात, तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य धरली होती. घटनाच एवढी विरळ आहे की तिच्यासाठी पुरेसा मोठा साथरोगशास्त्रीय अभ्यास व्यवहारात शक्य नाही. मग जो पुरावा मिळूच शकत नाही त्याचा आग्रह धरणे न्याय्य नव्हे, असा तेथील युक्तिवादाचा रोख होता.

विधी व संख्याशास्त्राच्या अध्यापकांना येथे वर्गात चर्चेसाठी उत्तम सामग्री सापडेल. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्या स्त्रियांत प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांतील झटक्यांचे प्रमाण उलट कमी, तर त्यानंतरच्या काळात काहीसे अधिक आढळले होते. दोन्ही आकडे एकत्र केले की धोका दिसेनासा होतो. परंतु ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे आणि ज्यांना झटक्यांची भीती अधिक आहे, अशा स्त्रियांना डॉक्टर ही गोळी आधीच टाळत असतील, तर औषध घेणारा गट मुळातच अधिक निरोगी ठरतो. एकत्रित सरासरीने निष्कर्ष काढण्यातील ही अडचण नवी नाही. एवढ्यावरून औषध दोषी ठरत नाही, हेही तितकेच खरे.

विरळ धोका मोजताच येत नाही असे मात्र नाही. फिनाइलप्रोपॅनोलामीन हे सर्दीवरील व भूक मारणाऱ्या औषधांतील द्रव्य अशाच संशयाच्या छायेत होते. येल विद्यापीठाच्या पुढाकाराने १८ ते ४९ वर्षे वयाचे मेंदूतील रक्तस्रावाचे ७०२ रुग्ण आणि तुलनेसाठी १,३७६ व्यक्ती यांची अनेक वर्षे चौकशी झाली. भूक मारण्यासाठी हे द्रव्य घेणाऱ्या स्त्रियांत रक्तस्रावाची शक्यता सोळा पटींहून अधिक असल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी अमेरिकी प्रशासनाने ते बाजारातून हटविण्यास सांगितले. एवढा खटाटोप करूनही भूक मारण्यासाठी हे द्रव्य घेतलेल्या व्यक्ती रुग्णांत सहा आणि तुलनागटात एक इतक्याच निघाल्या होत्या! बाळंतपणानंतरच्या अवघ्या दोन आठवड्यांपुरत्या घेतल्या जाणाऱ्या गोळीसाठी असा अभ्यास उभारणे किती दुर्घट आहे, याची कल्पना यावरून यावी. आणि १९९५ नंतर तर अमेरिकेत ती गोळी या कारणासाठी देणेच थांबले. म्हणजे अभ्यासाचा विषयच उरला नाही. न्यायालयांनी मागितलेला पुरावा आता कधीच मिळणार नाही.

युरोपात ही घडामोड फार उशिरा पोहोचली. फ्रान्सने २०१३ साली फेरतपासणीची मागणी केल्यानंतर युरोपीय औषध संस्थेने २०१४ साली निर्बंध घातले. दूध थांबविण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन नित्य देऊ नये. बाळ दगावले आहे किंवा मातेस एचआयव्हीची बाधा आहे यांसारख्या सबळ वैद्यकीय कारणापुरतेच आणि अडीच मिलिग्रॅमपर्यंतच्याच गोळ्यांच्या रूपात ते वापरावे. अतिरक्तदाब, हृदयविकार किंवा गंभीर मनोविकार असलेल्या स्त्रियांना देऊ नये. आणि देताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे. यात बाळ गमावलेल्या मातेचा स्वतंत्र विचार झाला आहे, ही उल्लेखनीय गोष्ट होय. कूस उजवून रिकामी झालेल्या बाईस पान्हा फुटणे ही केवढी यातना असते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. तिच्यासाठी ‘दूध आपोआप आटेल’ हे उत्तर पुरेसे नाही. अशा प्रसंगी अनेक ठिकाणी आता कॅबरगोलीनची एकच मात्रा देतात. ते सोयीचे आहे. परंतु तेही अरगटाच्याच कुळातील आहे आणि गर्भारपणात अथवा नंतर रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना तेही वर्ज्य मानले जाते.

गंमत अशी की, बाळंतपणाच्या सुमारास उद्भवणाऱ्या हृदयस्नायूच्या एका दुर्धर विकारावर हेच ब्रोमोक्रिप्टिन पुन्हा पुढे आले आहे. युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा विचार करण्यास मुभा आहे. मात्र रक्त गोठू न देणारे औषध सोबत द्यावे अशी अट आहे. हृदय निकामी होत असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तोच विरळ धोका पत्करण्याजोगा वाटतो.

रक्तस्राव आणि मेथिलअर्गोमेट्रिन

मेथिलअर्गोमेट्रिनचा विचार करताना हाच न्याय लावावा लागतो, पण उत्तर निराळे येते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे आणि त्यात तासाभरात जीव जाऊ शकतो. तेथे गर्भाशय आवळून धरणारे इंजेक्शन हा बाईच्या प्राणाचा प्रश्न असतो. मेंदूच्या रोहिण्यांच्या भयाने ते द्यावयाचे टाळणे हा शुद्ध अविचार होईल. जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी १० एकक ऑक्सिटोसिनला प्रथम पसंती दिली आहे. अर्गोमेट्रिन व मेथिलअर्गोमेट्रिन यांचा वापर रक्तदाबाचा विकार नाही याची खात्री करून घेता येत असेल तेथेच करावा असे म्हटले आहे. ‘खात्री करून घेता येत असेल तेथेच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रक्तदाब मोजण्याचे साधन आणि ते वापरण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्यात गृहीत आहेत.

प्रसूतीनंतर काही दिवस मेथिलअर्गोमेट्रिनच्या गोळ्या लिहून देण्याचा प्रघात आपल्याकडे अनेक ठिकाणी आढळतो. त्याचे समर्थन मात्र याहून अवघड आहे. तोंडावाटे दिलेल्या या औषधाने रक्तस्राव टळतो यास उपलब्ध चाचण्यांतून फारसा आधार मिळत नाही. इंजेक्शनाचा लाभ गोळीच्या पदरात टाकून तिचा धोका मात्र विसरणे, हे १९८० नंतरच्या अमेरिकेत घडले त्याहून फारसे वेगळे नाही.

माहेरी आलेली डोकेदुखी

सरकारी रुग्णालयांत सामान्य प्रसूतीनंतर ४८ तास ठेवून घेण्याचा नियम आहे. म्हणजे हा विकार ज्या आठवड्यात उद्भवतो त्यातील बरेचसे दिवस बाळंतीण घरी, बहुधा माहेरी, असते. तेथे डोके दुखू लागले तर त्याची उत्तरे तयार असतात. वारा लागला, कान नीट बांधले नाहीत, जागरण झाले, कमरेत भुलीचे इंजेक्शन दिले होते ना, त्याचेच हे. यांतील शेवटचे उत्तर पुष्कळदा खरेही असते. पाठीच्या कण्यातून भूल दिल्यानंतर होणारी डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर कमी होते. रोहिण्यांच्या आकुंचनाची डोकेदुखी अशी आसन पाहून येत नाही.

डॉक्टरसमोरची कोडी त्याहून बिकट आहेत. उशिरा येणारे गर्भाक्षेपक, म्हणजे प्रसूतीनंतर रक्तदाब चढून येणारे झटके, अशाच डोकेदुखीने सुरू होतात. फुटलेल्या रोहिणी-फुगवट्याची डोकेदुखीही हुबेहूब अशीच. आणि भारतातील चेतातज्ज्ञांना बाळंतिणींत पूर्वीपासून परिचित असलेला विकार म्हणजे मेंदूतील नीलांमध्ये रक्ताची गुठळी होणे. त्यावर रक्त पातळ करणारे हेपारिन द्यावे लागते, तर रक्तस्राव झालेल्या रोहिणी-आकुंचनात ते अपायकारक ठरू शकते. रोहिण्यांची सूज समजून स्टेरॉइड दिले तर या विकारात परिणाम अधिक वाईट होत असल्याचे दिसून आले आहे. त्याच डोकेदुखीवर अर्धशिशी समजून अर्गोटॅमीन किंवा सुमाट्रिप्टान दिले, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. रोहिणी-आकुंचनाचा उपचार त्या मानाने साधा आहे : कारणीभूत औषध थांबविणे, विश्रांती, रक्तदाबावर नियंत्रण आणि झटक्यांवर उपाय. निमोडिपीन हे औषध सर्रास दिले जाते. त्याने डोकेदुखीस उतार पडतो असा अनुभव आहे, परंतु पक्षाघात टळतो हे चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

सारी भिस्त कारणीभूत औषध ओळखण्यावर, आणि नेमकी तेथेच माहिती तुटते. प्रसूतिगृहातील टेबलावर दिलेले इंजेक्शन बाळंतिणीस ठाऊक नसते. घरी जाताना मिळालेल्या पुडीतील गोळ्या ‘पोटासाठी’ किंवा ‘दुधासाठी’ एवढ्याच ओळखीने घेतल्या जातात. मध्यंतरी सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली, नाक मोकळे करणारी गोळी तर कोणी औषध म्हणून मोजतही नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात आणले जाते, तेव्हा तेथील डॉक्टरच्या हाती असतो तो घरी सोडतानाचा कागद. त्यावर बाळाचे वजन, टाक्यांची संख्या व लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. कोणत्या वेळी, कोणत्या नावाचे व किती मात्रेचे आकुंचक औषध दिले आणि त्यापूर्वी रक्तदाब किती होता, हे त्यावर असेल तर निदानाचे निम्मे काम तेथेच होते. भारतीय औषधसुरक्षा-निरीक्षण कार्यक्रम २०१० सालापासून सुरू आहे व त्याच्याकडे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते एवढेच नव्हे, तर खुद्द रुग्णही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करू शकतो. मात्र त्या नोंदीच्या अर्जावरही संशयित औषधाचे नाव, मात्रा आणि ते दिल्याची तारीख आधी भरावी लागते.